प्रतिजैविके आणि जिवाणूंची पेशीभित्तिका : कल्चर अहवालासोबत वाचावयाचे माहितीपत्रक

कल्चर व सेन्सिटिव्हिटीचा (नमुन्यातील जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणती औषधे चालतात हे पाहणाऱ्या चाचणीचा) अहवाल हाती पडला की त्यातील औषधांची लांबलचक यादी पाहून आमचे ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतात : इतकी नावे कशासाठी, आणि यांतले सगळ्यांत जोरकस औषध कोणते? आमच्या छोट्या प्रयोगशाळेने हे पत्रक त्या प्रश्नापायीच काढले आहे. औषध कोणते घ्यायचे हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. परंतु यादीतील बरीचशी औषधे जिवाणूच्या पेशीभित्तिकेशी निगडित असल्यामुळे, ती नेमके काय करतात हे कळले तर अहवाल वाचणे सोपे जाते.

भित्तिका कशासाठी असते

जिवाणूच्या इवल्याशा पेशीत क्षार, शर्करा आणि प्रथिने इतकी दाटीने भरलेली असतात की बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूत त्यामुळे निर्माण होणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २० पट असतो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाशी तुलना केली तर तो जवळजवळ दहापट भरेल. पेशीचे आतले पातळ स्निग्ध पटल हा ताण एकट्याने सोसू शकत नाही. तो सोसते ती पेप्टिडोग्लायकनची भित्तिका. दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून ओवलेले लांब धागे, त्या धाग्यांना लोंबणाऱ्या अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, आणि शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या आडव्या गाठी, अशी तिची विण असते. माणसाच्या पेशींना अशी भित्तिका नसते, म्हणूनच तिच्यावर नेम धरणारी औषधे जिवाणूला घातक ठरूनही आपल्या पेशींना फारसा धक्का लावत नाहीत.

औषध भिंत फोडत नाही

‘प्रतिजैविक जिवाणूची भिंत फोडते’ असे सर्रास सांगितले जाते. आमच्या मते हे वर्णन दिशाभूल करणारे आहे. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुभंगतात, आणि प्रत्येक वेळी वाढण्यासाठी त्यांना स्वतःच्याच भित्तिकेतील जुन्या गाठी कापून तेथे नवे धागे घालावे लागतात. कापणारी विकरे (एन्झाइम) वेगळी आणि गाठ मारणारी विकरे वेगळी असतात. नव्या साखळीच्या टोकाला डी-ॲलॅनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडीने असतात आणि गाठ मारणारे विकर नेमकी तीच जोडी ओळखून पकडते. पेनिसिलिनच्या रेणूतील ‘बीटा-लॅक्टम’ नावाचे चौकोनी कडे (अणूंचे वलय) या जोडीची इतकी बेमालूम नक्कल करते की विकर तेच पकडते. कडे उघडते, पण विकराला चिकटून बसते आणि विकर कायमचे अडकते. कापणी चालूच राहते, गाठ मात्र पडत नाही. बहुधा दुभंगण्याच्या जागी, म्हणजे पेशीच्या मध्यावर, फुगवटा येतो आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन, मेरोपेनेम ही सारी याच, म्हणजे बीटा-लॅक्टम, कुळातील औषधे आहेत.

याचा पुरावा मोठा देखणा आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की साखरेच्या दाट द्रावणात ठेवलेले जिवाणू पेनिसिलिन दिल्यावर फुटत नाहीत, तर भित्तिकेचा आकार गमावून गोल गोळे होतात, कारण तेथे आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा असतो. म्हणजे फोडण्याचे काम पाणी करते. औषध केवळ डागडुजी बंद पाडते. भित्तिका थेट कापणारा पदार्थ पाहायचा असेल तर तो आपल्या अश्रूंत आहे. लायसोझाइम हे ते विकर, आणि अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा परिणाम पाहण्याच्या सहा वर्षे आधी, १९२२ मध्ये, त्याचे वर्णन केले होते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. वाढ थांबवून निपचित पडलेल्या जिवाणूवर ही औषधे फारशी चालत नाहीत, आणि बीटा-लॅक्टम औषधांच्या बाबतीत रक्तातील मात्रा एकदा खूप उंच जाण्यापेक्षा ती पुरेशा पातळीवर किती तास टिकते याला अधिक महत्त्व असते. डॉक्टर दर आठ किंवा बारा तासांनी गोळी घ्यायला सांगतात ते यासाठी. चुकलेली गोळी पुढच्या गोळीसोबत दुप्पट घेतल्याने मधले रिकामे तास भरून निघत नाहीत.

भित्तिकेचे काम इतर टप्प्यांवरही अडवता येते. फॉस्फोमायसिन अगदी पहिल्या पायरीवरचे विकर बंद करते. मलमांत वापरले जाणारे बॅसिट्रॅसिन पेशीच्या आतून बाहेर कच्चा माल वाहून नेणाऱ्या वाहक रेणूची परतीची वाट अडवते. व्हॅन्कोमायसिन विकराला हातच लावत नाही. ते डी-ॲलॅनिनच्या जोडीवर टोपीसारखे बसते, त्यामुळे विकराला पकडायला टोकच सापडत नाही.

अहवालातील नावे आणि आकडे

हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये शोधलेली रंजनाची (जिवाणू रंगवण्याची) पद्धत आम्ही आजही रोज वापरतो. जाड भित्तिकेचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे दिसतात, तर पातळ भित्तिका आणि तिच्यावर आणखी एक बाह्यपटल असलेले ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू गुलाबी दिसतात. व्हॅन्कोमायसिनचा थोराड रेणू हे बाह्यपटल ओलांडू शकत नाही. म्हणून लघवीत ई. कोलाय हा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू आढळल्यास अहवालात व्हॅन्कोमायसिनचे नाव नसते. ते आमच्याकडून राहून गेलेले नसते.

चाचणीसाठी अगारच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या पदार्थाच्या) थाळीवर तुमच्या नमुन्यातील जिवाणू एकसारखे पसरवून त्यावर औषधात भिजवलेल्या ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात आणि थाळी सुमारे ३५ अंश सेल्सियसला १६ ते १८ तास उबवतात. दुसऱ्या दिवशी दुधट साय पसरल्यासारख्या वाढीत काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळे पडलेली असतात. त्यांचा व्यास मोजून, त्या औषधासाठी ठरलेल्या प्रमाण तक्त्याप्रमाणे जिवाणू संवेदनक्षम (औषधाला बळी पडणारा) आहे की प्रतिरोधी (औषधाला न जुमानणारा) हे लिहिले जाते. एका औषधाचे वर्तुळ २४ मिलिमीटर आणि दुसऱ्याचे १८ मिलिमीटर असेल तर पहिले औषध अधिक जोरकस, असा अर्थ कृपया काढू नये. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरते आणि प्रत्येकाची मोजपट्टी निराळी असते.

‘ईएसबीएल’ (एक्स्टेंडेड-स्पेक्ट्रम बीटा-लॅक्टमेज) असा शेरा असेल तर तुमच्या नमुन्यातील जिवाणू बीटा-लॅक्टमचे कडे तोडणारे विकर तयार करतो आणि ते अनेक सेफॅलोस्पोरिनांनाही (सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन यांसारख्या औषधांनाही) निकामी करते, असे समजावे. थाळीवर हे उघड्या डोळ्यांनी दिसते : क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेली चकती शेजारी ठेवली की ते तोडणाऱ्या विकराला निष्प्रभ करते, आणि सेफॅलोस्पोरिनचे वर्तुळ त्या बाजूला ताणले जाऊन कुलपाच्या चावीच्या भोकासारखा आकार उमटतो. ‘एमआरएसए’मध्ये (मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये) प्रकार वेगळा असतो. तेथे गाठ मारणारे विकरच बदललेले असते आणि बीटा-लॅक्टम औषधांपैकी बहुतेक त्याला पकडू शकत नाहीत. व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारे काही एन्टेरोकॉकस जिवाणू तर साखळीच्या टोकावरील शेवटचे ॲलॅनिन बदलून तेथे लॅक्टेट बसवतात, त्यामुळे व्हॅन्कोमायसिनची टोपी तेथे नीट बसत नाही.

ही औषधे कोठे चालत नाहीत

विषाणूंना पेशीभित्तिका नसते, त्यामुळे साध्या सर्दीवर पेनिसिलिनच्या कुळाचा उपयोग नाही. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू असूनही भित्तिकेवाचून जगतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळ्या तऱ्हेने काम करणारी औषधे लागतात. ॲलर्जीचा भित्तिकेशी संबंध नाही. बीटा-लॅक्टम रेणू रक्तातील प्रथिनांना चिकटल्यामुळे काही जणांचे शरीर त्यांना परके समजते. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठले असेल किंवा श्वास लागला असेल, तर अहवालात काहीही लिहिलेले असले तरी ते डॉक्टरांना आधी सांगावे.

नमुना देताना

शक्य असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी नमुना द्यावा. गोळीनंतरच्या लघवीत आम्हांला कधी कधी नेहमीच्या आखूड दांड्यांऐवजी लांबच लांब दोऱ्यांसारखे जिवाणू दिसतात : ते वाढत आहेत, पण मधली आडभिंत घालून दुभंगू शकत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसत असूनही थाळीवर काहीच उगवत नाही, आणि मग अहवालात ‘वाढ आढळली नाही’ असे लिहावे लागते. डॉक्टरांनी औषध आधीच सुरू केले असेल तर केवळ नमुन्यासाठी ते थांबवू नये. औषधाचे नाव आणि शेवटची गोळी घेतल्याची वेळ आमच्या अर्जावर लिहावी, म्हणजे रिकाम्या थाळीचा अर्थ लावणे डॉक्टरांना सोपे जाते.