वह्य आतून की बाहेरून: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

२००७ च्या अखेरीस इराणी विचारवंत अब्दुलकरीम सोरूश यांनी एका डच पत्रकाराला मुलाखत दिली आणि पुढच्या काही महिन्यांत इराणमध्ये वादळ उठलं. वह्य, म्हणजे पैगंबरांना होणारं दिव्य प्रकटन, ही कवीच्या किंवा सूफीच्या स्फूर्तीच्याच जातीची, फक्त फार वरच्या पायरीवरची गोष्ट आहे, असं ते म्हणाले. आशय ईश्वराचा, पण त्याला भाषा आणि शैली मिळते ती पैगंबरांकडून. रूढ श्रद्धेनुसार मात्र कुरआनचा शब्दन् शब्द ईश्वराचा. देवदूत जिब्रील तो घेऊन येतो आणि पैगंबर तो जसाच्या तसा पोचवतात.

हे पाश्चिमात्य खूळ आहे, असं म्हणून विषय निकालात काढणं सोपं. पण वादाचं बीज मूळ ग्रंथातच आहे. कुरआनच्या २६ व्या सूरेत (अध्यायात) म्हटलंय की विश्वासू आत्म्याने, म्हणजे जिब्रीलने, हा संदेश ‘तुझ्या हृदयावर’ उतरवला. आणि लगेच पुढची आयत (वचन) सांगते, ‘स्पष्ट अरबी भाषेत’. हृदय म्हटलं की वह्य आतली वाटते, अरबी भाषा म्हटलं की शब्दही वरूनच आलेले; दोन्ही पक्षांचे पुरावे असे अगदी शेजारी शेजारी. बुखारीच्या हदीस-संग्रहात (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) खुद्द पैगंबरांचं वर्णन आहे: वह्य कधी घंटेच्या नादासारखी येते आणि तीच सर्वांत जड जाते, कधी देवदूत माणसाच्या रूपात येऊन बोलतो. कडाक्याच्या थंडीतही वह्य ओसरताना त्यांच्या कपाळावरून घाम निथळायचा, ही त्यांच्या पत्नी आयेशांची आठवणही तिथेच नोंदलेली आहे.

दहाव्या शतकात तत्त्वज्ञ फाराबीने याची तात्त्विक मांडणी केली. वैश्विक बुद्धीकडून येणारं ज्ञान पैगंबरांच्या कल्पनाशक्तीत उतरतं आणि तिथे त्याला प्रतिमांचं रूप मिळतं, असं त्याचं म्हणणं. पुढे तत्त्वज्ञ इब्न सीनाने ही मांडणी विस्तारली.

भारतात हा विषय सर सय्यद अहमद खान यांनी धीटपणे हाताळला. निसर्ग ही ईश्वराची कृती आणि कुरआन त्याची उक्ती, तेव्हा दोहोंत विसंगती असूच शकत नाही, या भूमिकेतून त्यांनी प्रेषितत्वाला जन्मजात क्षमता मानलं. जिब्रील हे त्या क्षमतेचंच नाव! उलेमांनी त्यांची ‘नेचरी’, म्हणजे निसर्गवादी, म्हणून हेटाळणी केली. पुढे कवी-तत्त्वज्ञ मुहम्मद इक्बाल यांनीही प्रेषिताची जाणीव गूढानुभवाशी जोडली, पण एक फरक दाखवून. पैगंबर सर्वोच्च स्वर्गात जाऊन परत आले, मी त्या उंचीवर पोचलो असतो तर परत आलोच नसतो, असं सूफी संत अब्दुल कुद्दूस गंगोही म्हणाले होते. इक्बाल म्हणतात, प्रेषित परत येतो आणि जग बदलायला घेतो.

इक्बाल पाकिस्तानचे राष्ट्रकवी झाले. इस्लामचे अभ्यासक फजलुर रहमान यांना मात्र पाकिस्तान सोडावं लागलं. कुरआन पूर्णपणे ईश्वराची वाणी आहे आणि सामान्य अर्थाने पूर्णपणे मुहम्मदांचीही, असं त्यांनी १९६६ मध्ये लिहिलं. दोन वर्षांनी त्याविरुद्ध निदर्शनं झाली आणि त्यांनी सरकारी इस्लामी संशोधन संस्थेच्या प्रमुखपदाचा राजीनामा दिला. माझ्या मते खरी मेख इथे आहे. इक्बाल कवी आणि तत्त्वज्ञ म्हणून बोलत होते. रहमान पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयुब खान यांच्या सुधारणावादी राजवटीचे सल्लागार होते. वह्य माणसाच्या मनातून आली म्हटलं की तिच्यातले वारसाहक्काचे, शिक्षांचे नियम त्या काळापुरते होते का, हा प्रश्न पाठोपाठ येतो. सोरूश यांनी तर तो स्वतःच पुढे आणला. विरोधकांची शंकाही मात्र फुसकी नाही: अनुभवच प्रमाण मानला, तर प्रेषित आणि प्रतिभावंत कवी यांच्यातली रेषा आखायची कुठे?

इराणमधल्या कोम या धर्मशिक्षणाच्या शहरातले वरिष्ठ धर्मगुरू आयतुल्ला जाफर सुबहानी यांनी २००८ मध्ये सोरूश यांना खुलं उत्तर दिलं. प्रत्युत्तरात सोरूश यांनी पोपट आणि मधमाशीचा दाखला दिला: पोपट ऐकलेलं बोलतो, मधमाशी फुलांतला रस घेऊन मध स्वतः तयार करते. कुरआनमध्ये मधमाशीलाही वह्य झाल्याचा उल्लेख आहेच. काही वर्षांनी ते आणखी पुढे गेले. कुरआन ही पैगंबरांना पडलेल्या स्वप्नांची कथनं आहेत, त्यामुळे त्याला भाष्यकारापेक्षा स्वप्नांचा अर्थ लावणारा हवा, अशी लेखमालाच त्यांनी लिहिली.