रीद

रीद हे इंग्रजीतलं एक क्रियापद. ढोबळ अर्थ पीळ देत गुंडाळणे, गुंफणे, वेढणे. स्पेलिंग डब्ल्यू-आर-ई-ए-टी-एच-ई, त्यातला डब्ल्यू फक्त लिहायला, बोलायला नाही. शेवटचा ई काढला की नाम होतं, रीथ, म्हणजे फुलापानांचं कडं, आणि गंमत म्हणजे एकटा ई जात नाही, जाताना द चा थ करून जातो. ब्रीद-ब्रेथ, बेद-बाथ या जोड्यांचंही तेच. हा ई खुद्द इंग्रजांकडूनही विसरला जातो त्यामुळे आपल्याकडून राहिला तर फार मनाला लावून घेऊ नये.

आपल्या पेपरात रीथ म्हणजे पुष्पचक्र. १ मेला हुतात्मा चौकात मुख्यमंत्री अर्पण करतात ते. त्यामुळे हा शब्द गोल आणि गंभीर असा डोक्यात बसतो. पण मुळात त्यात गोलाई नाही, पीळ आहे. जुन्या इंग्रजीत व्रीथन म्हणजे पिळणे, वळणे, बांधणे आणि त्यावरून व्रिथा म्हणजे गुंडाळलेली वस्तू, मग ती जखमेवरची पट्टी असो की हातातलं कडं. तेव्हा आपल्या व्रत, व्रणसारखा व्र चक्क उच्चारायचे, तो साधारण सतराव्या शतकापर्यंत झिजून नुसता र उरला. रीद हे क्रियापद मात्र त्या मानाने उशिरा, सोळाव्या शतकात दिसायला लागतं. थोडं रीथ या नामावरून आणि थोडं राइद या जुन्या क्रियापदाच्या रूपावरून तयार झालेलं. १६११ च्या इंग्रजी बायबलात याजकाच्या पोशाखाचं वर्णन आहे, त्यातल्या सोन्याच्या साखळ्या 'रीदन' कामाच्या आहेत, म्हणजे दोरीसारखा पीळ घातलेल्या.

राइद हा याचा सख्खा भाऊ, वेदनेने तळमळणे, अंग पिळवटणे. आणि संताप या अर्थाचा रॉथ हा शब्दही याच घरातला, मूळ भाव पिळवटलेला. माणसाच्या स्वभावात पीळ असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही हे आपण उगाच म्हणत नाही. तसं मुका डब्ल्यू आणि पुढे र असलेल्या बऱ्याच इंग्रजी शब्दांच्या मुळाशी असाच काहीतरी वळण्या-पिळण्याचा अर्थ निघतो, रिस्ट म्हणजे वळणारं मनगट, गॅरेजवाल्याचा रेंच, आणि राँग सुद्धा, त्याचा जुना अर्थ सरळ सरळ वाकडा.

आज रीद कुठे कुठे वापरतात ते बघितलं तर जरा गडबड होते कारण मराठीत एक शब्द पुरत नाही. धुकं डोंगराला रीद करतं तिथे आपण वेढतं म्हणू. साप फांदीला करतो तो विळखा, चिलमीचा धूर करतो ती वेटोळी, फुलं करतात ती गुंफण. शेक्सपिअरच्या एका नाटकात तर हात रीद करतात, म्हणजे प्रेमात पडून उदास झालेल्या माणसासारखी हाताची घडी घालून उभं राहणं, हा अर्थ आता कोणी वापरत नाही. हसण्याचं मात्र टिकलं. मिल्टनच्या १६४५ साली छापलेल्या एका कवितेत रीद केलेली स्माइल्स आहेत आणि अजूनही इंग्रजीत आनंदी चेहरा हसूने रीद झालेला असतो. मराठीत हसू कोणाला वेढत नाही, ते फुलतं, त्यामुळे अनुवादात 'हसूने वेढलेला चेहरा' दिसला की समजावं डिक्शनरी उघडी ठेवून केलंय.

नामाचे दोन अर्थ जाता जाता. स्कॉटलंडमध्ये वाऱ्याने साचलेल्या बर्फाच्या ढिगाला रीथ म्हणतात. आणि युरोपातल्या घराण्यांच्या राजचिन्हात शिरस्त्राणावर दोन रंगांच्या कापडाचा पीळ काढतात तोही रीथ, त्याचे दिसणारे पेड सहसा ६.

आता आपलं नातं. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्याच्या मागे वळणे, फिरणे अशा अर्थाचा एक प्राचीन धातू धरतात आणि संस्कृतातला वृत् त्याचाच. म्हणजे वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन हे रीदचे लांबचे चुलत होतात. यातला माझा आवडता शब्द मात्र वात, समईतली, वारा नव्हे, तो वात वेगळा. संस्कृत वर्ति, म्हणजे वळलेली वस्तू, तिची वात झाली. आमच्याकडे आई अजून घरीच वळते, कापूस पिंजून त्याची लांबट पट्टी काढायची, बोटांना जराशी राख लावायची म्हणजे कापूस निसटत नाही, आणि मांडीवर तळव्याने एकाच दिशेने फिरवत न्यायचं. उलट हात फिरला की पीळ सुटतो आणि परत पहिल्यापासून.