बीपीची ती गोळी मधेच का बंद करायची नाही? बीटा ब्लॉकरची मागची गोष्ट

गेल्या वर्षी गणपतीला आमचे डोंबिवलीचे काका गावी आले (गाव मालवणपासून जवळच), मखराचं सामान, मोदकपात्र, नातवंडांचे रेनकोट सगळं आलं आणि गोळ्यांचा डबा तेवढा फ्रीजवर राहिला. पाच दिवसांचा तर गणपती, परत गेल्यावर घेईन की, असं म्हणून त्यांनी कोणाला सांगितलंच नाही, वर रात्री एक वाजेपर्यंत भजनात झांजा वाजवत बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे छाती धडधडायला लागली, घाम सुटला, मशीन लावलं तर १९०/११०. डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं तर "काका, गोळी कुठली?" आणि काकांचं उत्तर, "ती बारीक, पांढरी." शेवटी डोंबिवलीत शेजाऱ्यांकडे किल्ली होती म्हणून स्ट्रिपचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, तेव्हा कळलं की मेटोप्रोलॉल आहे, म्हणजे बीटा ब्लॉकर. डॉक्टर म्हणाले, बीपीच्या बऱ्याच गोळ्या दोन दिवस चुकल्या तर प्रेशर हळूहळू चढतं, ही एकदम थांबली तर हृदय उसळतं.

हे असं का, ते शोधायला बसलो आणि लक्षात आलं की या गोळीबरोबर डॉक्टर जी दोनचार वाक्यं सांगतात आणि आपण मान डोलावून विसरतो, त्यातल्या प्रत्येकामागे कुणीतरी त्रास भोगलाय.

सुरुवात तशी आपल्याकडूनच करता येईल. सर्पगंधा आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात उगवते, जुन्या वैद्यांना माहीत होतीच, पण ती बीपीवर चालते हे जगापुढे नीट मांडलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ साली, ब्रिटनच्या हृदयरोगाच्या जर्नलमध्ये. त्यातूनच पुढे रेसरपिन निघालं. प्रेशर उतरायचं, पण काही पेशंट असे उदास व्हायचे की घरचे घाबरायचे. त्या काळात बीपीला हाताशी होतं ते हे असलंच, एक दुखणं बरं करताना दुसरं लावून देणारं.

तिकडे अमेरिकेत जॉर्जियात रेमंड आल्क्विस्ट नावाचा माणूस वेगळ्याच कोड्यात अडकला होता. ॲड्रिनलिन हे शरीराचं घाबरण्या-धावण्याचं रसायन, तेच एका जागी रक्तवाहिनी आवळतं, दुसरीकडे सैल करतं, हृदयाला पळवतं आणि श्वासनळी मोकळी करतं, हे एकाच पदार्थाला जमतं कसं? त्याने १९४८ मध्ये मांडलं की हाक एकच आहे, ऐकणारे कान दोन जातीचे आहेत, एक अल्फा आणि एक बीटा. पहिल्या जर्नलने लेख परत पाठवला, दुसऱ्याने छापला, आणि पुढची दहा वर्षं त्याकडे फारसं कोणी बघितलं नाही.

ज्याने बघितलं तो स्कॉटलंडचा जेम्स ब्लॅक. त्याचे वडील गाडीच्या अपघातानंतर हार्ट ॲटॅकने गेले होते. तेव्हा सगळे डॉक्टर छातीत दुखणाऱ्या पेशंटच्या हृदयाला रक्त जास्त कसं पोचेल याच्या मागे होते, ब्लॅकने उलटा विचार केला, पुरवठा वाढत नसेल तर हृदयाची मागणीच कमी करू, म्हणजे बीटाचे कान बंद करू, बीटा ब्लॉकर म्हणतात ते हेच. १९५८ मध्ये तो आयसीआय या ब्रिटिश कंपनीत गेला. पहिलं औषध प्रोनेथॅलॉल, त्याने उंदरांमध्ये गाठी झाल्या म्हणून ते बाजूला ठेवावं लागलं, आणि १९६४ च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉल आलं. १९८८ चं नोबेल ब्लॅकला दोघांबरोबर विभागून मिळालं.

गंमत म्हणजे यात बीपी कुठेच नव्हतं! औषध छातीतल्या दुखण्यासाठी केलेलं. लंडनच्या ब्रायन प्रिचर्ड यांच्या लक्षात आलं की या पेशंटचं प्रेशरही उतरतंय, आणि १९६४ मध्ये त्यांनी ते छापलं तरी बरेच जण मानेनात, कारण औषध दिल्यावर लगेच मोजलं तर फरक दिसायचा नाही. बीपीवरचा खरा असर दिसायला दिवस, कधी आठवडेही जातात. आमच्या वाडीत अजून हेच चालतं, सोमवारी गोळी सुरू, मंगळवारी मेडिकलमध्ये बीपी मोजायचं, "काय पण उतरूक नाय" म्हणून बुधवारी दोन घ्यायच्या. असं करू नका राव, प्रेशर उतरायच्या आधी नाडी उतरेल.

मग दम्याचं प्रकरण. बीटाचे कान श्वासनळीतही आहेत, ते बंद झाले की दमेकऱ्याची नळी आवळते, आणि प्रोप्रॅनोलॉल सगळेच बीटा बंद करायचं. १९६७ मध्ये लँड्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बीटामध्येही दोन पोटजाती आहेत, ढोबळमानाने बीटा-१ हृदयाचा आणि बीटा-२ फुप्फुसाचा. म्हणून हृदयापुरतं काम करणारं प्रॅक्टोलॉल १९७० मध्ये आणलं, सगळे खूश, आणि काही वर्षांत पेशंटचे डोळे कोरडे ठाक पडायला लागले, अंगावर चट्टे, काहींना पोटात आतड्यांभोवती घट्ट आवरण, आणि १९७५ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही त्यानंतर रुळलेली. यांना सिलेक्टिव्ह म्हणतात, पण सिलेक्टिव्ह म्हणजे काही सोवळ्यातलं नव्हे, डोस वाढला की ती पण फुप्फुसात शिवाशिव करतात. त्यामुळे लहानपणी दमा होता, आता नाही, असं असलं तरी डॉक्टरांना सांगायचं. शुगरवाल्यांनी तर नक्कीच, कारण साखर एकदम उतरली की होणारी थरथर आणि धडधड ही गोळी झाकून टाकते, घाम मात्र सुटतो, तेवढीच खूण उरते.

काकांचं जे झालं ते वैद्यकाला समजलं १९७५ च्या आसपास, प्रोप्रॅनोलॉल एकदम थांबवलेल्या पेशंटमध्ये छातीत कळा आणि हार्ट ॲटॅक दिसले तेव्हा. कान महिनोन्महिने बंद ठेवले की शरीर जास्तीचे कान उगवून ठेवतं, आणि गोळी थांबली की ते सगळे एकदम उघडतात, मग नेहमीचीच हाक पण बोंब वाटते. म्हणून ही गोळी बंद करायचीच असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याने एकदोन आठवडे उतरवत नेतात. एखादी चुकली तर आठवल्यावर घ्यायची, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची, दोन एकदम नाही.

आता जरा आडवाटेने महाडला जाऊ, कारण अल्फा आणि बीटा काय चीज आहे हे कोकणाइतकं कोणी भोगलं नसेल. आपला लाल विंचू चावला की ॲड्रिनलिनचा पूर येतो, घाम, हातपाय बर्फ, प्रेशर चढतं आणि मग फुप्फुसात पाणी. पोरंबाळं रात्रीत जायची. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड भागात राहून हे पेशंट बघितले आणि प्राझोसिन, म्हणजे अल्फा बंद करणारी बीपीचीच गोळी, वापरून माणसं वाचवली, १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटनच्या वैद्यकीय जर्नलमध्ये ते छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे नुसता बीटा ब्लॉकर दिला तर अल्फाला मोकळं रान मिळतं आणि पेशंट बिघडू शकतो. म्हणजे दोन्ही बीपीच्या गोळ्या, पण एक तारते आणि दुसरी बुडवते. शेजाऱ्याची प्रेशरची गोळी "चालता रे" म्हणून गिळणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

पुढे बीटा ब्लॉकरचा भाव उतरला. २००२ मध्ये 'लाइफ' नावाच्या मोठ्या चाचणीत ॲटेनोलॉलपेक्षा लोसार्टनवाल्यांना (ही दुसऱ्या गटातली बीपीची गोळी) पक्षाघात कमी झाला, २००५ मध्ये आणखी एका चाचणीत ॲटेनोलॉल मागे पडलं, आणि २००६ मध्ये ब्रिटनने साध्या बीपीला ही पहिली गोळी नको म्हणून सांगितलं. २०२३ मध्ये युरोपच्या बीपीवाल्या डॉक्टरांनी तिला परत मुख्य गटांत बसवलं खरं, पण आता साधारण जिथे दुसरं कारण पण असतं, म्हणजे ॲटॅक येऊन गेलेला, हृदय कमजोर, ठोके अनियमित, तिथे ती जास्त दिसते. गरोदर बाईला याच गटातलं लॅबेटॅलॉल देतात, ॲटेनोलॉल सहसा टाळतात. त्यामुळे इतक्या वर्षांची चालू गोळी बदलायची का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, फक्त उत्तर मिळेपर्यंत ती चालू ठेवायची.

घरगुती घोळ वेगळेच. आपल्याकडे मात्रा उगाळायची सवय, म्हणून आमच्या काकू काकांची लांब पल्ल्याची मेटोप्रोलॉल खलबत्त्यात कुटून मधातून द्यायच्या, म्हणजे दिवसभराचा डोस एकदम पोटात! ती कुटायची नसते, चावायची पण नसते. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही बीटा ब्लॉकरच असतात, डोळ्यातून रक्तात जातात, आणि डोळ्यांच्या डॉक्टरला बीपीची गोळी सांगायचं कोणाला सुचत नाही. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम या बीपी-हृदयाच्या दुसऱ्या गोळ्यांपैकी एखादी बरोबर असेल तर नाडी फारच मंदावू शकते. आणि मेडिकलवाला स्ट्रिप कापून पाच गोळ्या देतो तेव्हा नावाची बाजू कात्रीत जाते, त्याला म्हणावं नाव असलेला तुकडा दे.

यंदा काका आले ते दोन स्ट्रिपा घेऊन, एक पाकिटात, एक झांजांच्या पिशवीत. सकाळी उठल्यावर मनगट धरून पूर्ण मिनिट मोजतात आणि कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाखाली लिहितात. ६२, ६०, ५८ असं चाललं होतं, गौरीच्या दिवशी ४८ आली आणि उठताना चक्कर, तर गोळी हातात धरूनच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, काकू मागून ओरडतायत घावने थंड होतायत म्हणून, आणि डॉक्टरांनी त्या दिवसापासून डोस निम्मा केला.