जहाजावरचं सेमिस्टर: शंभर वर्षांमागची गोष्ट

हल्ली 'सेमिस्टर अॅट सी' या अमेरिकन कार्यक्रमात जहाजावरून अख्खं सेमिस्टर करणाऱ्या पोरापोरींचे व्हिडिओ सगळीकडे फिरतायत, आज कोची, मग मॉरिशस, मग केपटाऊन, आणि बघणारा प्रत्येक जण हमखास विचारतो की अरे पण ही मुलं शिकतात कधी? हा प्रश्न पहिलं जहाज निघालं तेव्हापासून विचारला जातोय. मला तर वाटतं या सगळ्या प्रकाराचा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो, की जग फिरून आलेल्या मुलाला मार्क कोणी द्यायचे आणि शिक्का कुठल्या युनिव्हर्सिटीचा.

सुरुवात केली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स लॉ यांनी. त्यांचं म्हणणं साधं होतं, एखाद्या देशाबद्दल पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे जाऊन बघणं हेही शिक्षणच आहे आणि त्याचे रीतसर क्रेडिट मिळायला हवेत. युरोपच्या अभ्यास सहली ते आधीपासून काढायचेच, मग थेट जगप्रदक्षिणाच ठरली. युनिव्हर्सिटीने आधी पाठिंबा दिला आणि जहाज निघायच्या आधी अंग काढून घेतलं. तरी १८ सप्टेंबर १९२६ ला न्यूजर्सीतल्या होबोकेनहून 'रिनडॅम' निघालंच, वर साधारण पाचशे लोक, बहुतेक कॉलेजची मुलं, थोड्या मुली, आणि हौसेने आलेली काही वयस्कर मंडळी. जहाज १९०१ चं, पहिल्या महायुद्धात त्याच्यावरून सैन्याची ने-आण झालेली, आता त्यावर वर्ग भरत होते. कॅन्सस राज्याचे माजी गव्हर्नर हेन्री अॅलन पत्रकारिता शिकवायला बरोबर होते आणि जहाजाचं स्वतःचं वर्तमानपत्र निघायचं. मुलं सियामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, राजाला भेटली, इटलीत मुसोलिनीला भेटली.

पण घरी अमेरिकेत पेपरांनी छापलं काय, तर मुलं जपानमधे दारू पिऊन धिंगाणा घालतायत आणि जहाजावर मुलामुलींची प्रेमप्रकरणं चाललीयत! आता अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती हे लक्षात घ्या, म्हणजे विशीतली पोरं दारूबंदीच्या देशातून निघून खुल्या बंदरांमधे उतरत होती, काही जणांचा तोल जाणारच होता, पण त्या थोड्या जणांपायी बाकीच्यांनी काय पाहिलं, काय शिकलं हे कोणी छापलंच नाही याचं मला आजही वाईट वाटतं. १९२७ च्या मे महिन्यात जहाज परत आलं. नंतर थोडेफार प्रयत्न झाले पण मोठी मंदी आली आणि विषय थंड पडला.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच १९२७ सालात मुंबईच्या बंदरात माझगावजवळ 'डफरिन' नावाचं ट्रेनिंग जहाज नांगर टाकून उभं राहिलं, आपल्या मुलांना व्यापारी जहाजांवरचे अधिकारी बनवण्यासाठी, कारण तोपर्यंत त्या जागा इंग्रजांसाठीच राखल्यासारख्या होत्या. तिकडे श्रीमंत देशाची मुलं जग बघायला निघाली होती आणि इकडे आपली मुलं आधी बोटीच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथे, उभं राहण्याचा हक्क मिळवत होती. दोन्हीकडे जहाज म्हणजे शाळाच, पण गरज किती वेगळी.

मग थेट १९६३. कॅलिफोर्नियातल्या बिल ह्यूजेस नावाच्या एका व्यावसायिकाने 'युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज' काढली. त्यांनी वापरलेलं 'सेव्हन सीज' हे जहाज दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाची छोटी विमानवाहू नौका होतं, आणि शाळा म्हणून फिरून झाल्यावर पुढे रॉटरडॅममधे विद्यार्थ्यांचं हॉस्टेल झालं. एका जहाजाच्या नशिबी एवढं सगळं! १९६५ मधे चॅपमन कॉलेजने हा कार्यक्रम हातात घेतला, म्हणजे शिक्का मिळाला.

जहाज कुठून आणायचं ही अडचण मात्र सोडवली हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी. विद्यार्थ्यांनी देश बघितले तर देशादेशांतला संशय कमी होईल असं त्यांना मनापासून वाटायचं. १९७० मधे त्यांनी 'क्वीन एलिझाबेथ' हे त्र्याऐंशी हजार टनांचं अवाढव्य जहाज लिलावात विकत घेतलं, ते तरती युनिव्हर्सिटी करायचं होतं, हाँगकाँगला काम जवळपास पूर्ण होत आलेलं आणि ९ जानेवारी १९७२ ला त्याला आग लागली, जहाज बंदरातच कलंडलं. आग कोणी मुद्दाम लावली असा संशय होता. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता, पण तुंग यांचं एक लहान जहाज त्याआधीच या कामाला लागलेलं होतं, पुढे 'युनिव्हर्स' या नावाने तेच १९९६ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन फिरत राहिलं.

चॅपमनने १९७५ मधे सोडलं, मग शिक्का कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचा, मग पिट्सबर्ग, २००६ पासून व्हर्जिनिया आणि २०१६ पासून कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी. 'सेमिस्टर अॅट सी' हे नाव सत्तरच्या दशकातलं.

या काळात दोन घटनांनी सगळ्यांना हादरवलं. एक आपल्याच देशात, मार्च १९९६ मधे दिल्लीहून आग्र्याला जाणारी बस रात्री उलटली, याच जहाजावरचे चार अमेरिकन विद्यार्थी गेले. ताजमहाल बघायला निघालेली मुलं होती ती. आपल्या हायवेवर रात्रीचा प्रवास म्हणजे काय हे आपल्याला माहितीय, त्यांना कुठून माहिती असणार. दुसरी २००५ च्या जानेवारीत, उत्तर पॅसिफिकमधे साधारण पंधरा मीटरची लाट या कार्यक्रमाच्या तेव्हाच्या 'एक्सप्लोरर' जहाजावर आदळली, ब्रिजची काच फुटून पाणी यंत्रणेत घुसलं, इंजिनं बंद पडली, मुलं लाइफ जॅकेट घालून बसलेली. शेवटी जहाज कसंबसं होनोलुलूला पोचलं.

आता रोजचं शिकणं कसं चालतं ते सांगतो. समुद्रात असताना रोज वर्ग, रविवारची सुट्टी वगैरे नाही, विषयांचे दोन गट, एक दिवस 'ए' गटाचे तास, दुसऱ्या दिवशी 'बी' गटाचे. जगाच्या अभ्यासाचा एक विषय सगळ्यांना सक्तीचा. बंदर लागलं की वर्ग बंद, पण प्रत्येक विषयाचा एक दिवस शिक्षकांबरोबर बाहेर जाऊन शिकायचा, त्याचेही मार्क असतात, तो चुकवून चालत नाही. पश्चिमेकडे जाताना रात्री घड्याळ सारखं एक एक तास मागे, नंतर तारीखरेषा ओलांडली की अख्खा दिवस गायब. विषुववृत्त ओलांडताना समुद्रदेव नेपच्यूनच्या नावाने 'नेपच्यून डे' साजरा होतो, त्यात मुलं तर करतातच पण मुलीसुद्धा हौसेने टक्कल करून घेतात.

२०२० मधे कोविडमुळे सफर केपटाऊनलाच संपवावी लागली, २०२२ मधे पुन्हा सुरू झाली. जहाज आता 'वर्ल्ड ओडिसी', उन्हाळ्यात तेच 'डॉइचलँड' नावाने जर्मन पर्यटकांना घेऊन फिरतं. आपल्या मुलांनाही यात जाता येतं, फक्त फी डॉलरमधे आणि भारतीय पासपोर्टवर बऱ्याच बंदरांचे व्हिसा निघायच्या आधीच काढून ठेवावे लागतात. आणि मार्कांची ट्रान्सक्रिप्ट कोलोरॅडो स्टेटची मिळते, ती आपल्या कॉलेजात चालेल का हे जायच्या आधी लेखी विचारून घ्या.