गाडी चार चाकांची, क्लच दुचाकीचा

कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. मुलांनी स्वतः बांधलेल्या तिथल्या एकआसनी रेसगाड्यांपैकी कित्येकींत केटीएम ३९० या मोटरसायकलचं इंजिन असतं, म्हणजे आपल्या चाकणला तयार झालेलं. दुचाकीचं इंजिन हलकं असतं, आणि गिअरबॉक्स व क्लच त्याच्याच पोटात असल्यामुळे वेगळे शोधावे लागत नाहीत. सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे क्लचचा विचार बहुतेक वेळा तो जळाल्यावरच होतो.

क्लचचं झाकण काढलं की आत एक बास्केट दिसते. तिच्यात घर्षणाचा लेप असलेल्या फायबर प्लेटा आणि साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. हे सगळं इंजिनच्याच तेलात बुडालेलं असतं. तेलामुळे घर्षण कमी होतं, ती कसर प्लेटांची संख्या वाढवून भरून काढलेली असते.

क्लच घसरायला लागला की पहिला सल्ला येतो, ‘कडक स्प्रिंगा टाक.’ मला हा सल्ला अर्धवट वाटतो. क्लचला किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलायचा हे इंजिन ठरवतं, गाडीचं वजन नव्हे. इंजिन मूळचंच असेल आणि प्लेटा चांगल्या असतील, तर कंपनीच्या स्प्रिंगा तो टॉर्क पेलतातच. चार चाकांवर आल्यावर खरी वाढते ती गाडी हलवतानाची उष्णता.

ती मोजता येते. सुरुवातीला इंजिन ठरावीक आरपीएमवर धरून क्लच हळूहळू सोडला, तर प्लेटा एकमेकींना पूर्ण चिकटेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. चालकासकट गाडी ३०० किलोची आणि प्लेटा चिकटताना वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर धरू. उष्णता होते १५ किलोज्यूल. पोलादी प्लेटांचं वजन मिळून अर्धा किलो मानलं आणि सगळी उष्णता त्यांनीच घेतली, तर एका स्टार्टमध्ये त्या सुमारे ६५ अंशांनी तापतात. त्याही आधीच गरम तेलात बसलेल्या. ७५ मीटरच्या शर्यतीचा सराव लागोपाठ चार वेळा केला, तर तेलाला उष्णता वाहून न्यायला सवडच मिळत नाही. फायबर करपतं, पोलाद निळसर होऊन वाकतं.

या हिशेबात वेगाचा वर्ग येतो, आणि सगळ्यात स्वस्त इलाज तिथेच सापडतो. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ४० ऐवजी ५० दातांचं बसवलं, तर त्याच आरपीएमला प्लेटा सेकंदाला १० ऐवजी ८ मीटर वेगावर चिकटतात. उष्णता १५ वरून ९.६ किलोज्यूलवर येते. टॉप स्पीड घटतो खरा, पण छोट्या वळणदार ट्रॅकवर तो लागतो किती? क्लचवर पैसे घालण्याआधी मी स्प्रॉकेट बदलेन.

इंजिनची ताकद वाढवली असेल, तर मात्र कडक स्प्रिंगा हव्यातच. पण मग पेडल जड होतं आणि क्लच सोडतानाची नजाकत जाते. स्लिपर क्लच मिळत असेल तर जरूर घ्यावा. खालचा गिअर झटकन टाकला की इंजिन मागच्या चाकांना अडवतं. चाकं क्षणभर अडखळली आणि गाडी त्याच वेळी वळणात असली, तर ती गर्रकन फिरते. स्लिपर क्लच तेवढ्यापुरता घसरून हा उलटा झटका गिळतो.

तेलात काटकसर नको. कारसाठीच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती ओल्या क्लचला घसरवतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हे दुचाकीच्या तेलाचं मानक लिहिलेलं पाहूनच तेल घ्यावं. नव्या फायबर प्लेटा बसवण्यापूर्वी तेलात भिजवाव्यात. क्लच जळाला असेल तर प्लेटांबरोबर तेल आणि फिल्टरही बदलावा, कारण झिजलेला भुगा त्याच तेलातून इंजिनभर फिरतो.

आता पेडल. हा क्लच मुळात दोन बोटांनी ओढायच्या लिव्हरसाठी बनलेला असतो. पायाची ताकद त्याच्या कितीतरी पट. पेडलखाली स्टॉपर नसेल तर स्टार्टच्या घाईत पाय यंत्रणेला गरजेपेक्षा पुढे रेटतो. त्यात केबल तुटते, हायड्रॉलिक असेल तर सिलिंडरचं सील जातं. काही संघ म्हणूनच हाताचा लिव्हर ठेवतात, आणि ते मला पटतं. गाडी एकदा हलली की वर गिअर टाकताना क्षणभर इग्निशन तोडलं तरी भागतं, क्लच दाबावाच लागत नाही. मग पेडलवर पाय ठेवायचंही कारण उरत नाही. नुसता टेकलेला पायसुद्धा स्प्रिंगांचा दाब कमी करतो.

क्लच सगळ्यात जास्त जळतो तो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या तयारीच्या जागेत. हाफ क्लचवर दोन फूट पुढे, मग रांगेत थांबणं, पुन्हा दोन फूट पुढे. या इंजिनांना सहसा रिव्हर्सही नसतो. तिथे इंजिन बंद करावं आणि चौघांनी गाडी ढकलत न्यावी.