जिन्याखालचा सोफा आणि चौथ्या मजल्यावरचा धूर

डिसेंबर 2025 मध्ये हडफड्यातल्या एका नाइट क्लबला आग लागून 25 जणांचा बळी गेला. त्यातले बहुतेक जण भाजून नव्हे, गुदमरून गेले. त्यानंतर क्लब, हॉटेले, परवाने यांवर गोव्यात भरपूर बोलले गेले. आपण राहतो त्या इमारतीच्या जिन्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढून पाहा. उत्तर ठरलेले असते: ‘जिना काँक्रीटचा आहे, तो काय जळतोय?’

काँक्रीट जळत नाही, हे खरेच. जळते ते जिन्याखाली ठेवलेले. फाटका सोफा, गेल्या चतुर्थीचे थर्माकोलचे मखर, गणपतीसमोर फळे-फुले टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोणाची तरी गादी. आणि आपल्याकडच्या कितीतरी इमारतींत या सगळ्याच्या वरच भिंतीवर विजेच्या मीटरांचा बोर्ड असतो. चार महिन्यांच्या पावसाळ्यात तिथे ओल धरते, जोडण्या गंजतात, सैल होतात. सैल जोडणीचा रोध वाढतो, तीच विद्युतधारा तिथे जास्त उष्णता निर्माण करते आणि एखाद्या दिवशी ठिणगी खाली पडते. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन. किलोमागे ते लाकडाच्या दुपटीहून अधिक उष्णता देते आणि काळाकुट्ट, काजळीने भरलेला धूर सोडते. सोफ्यातल्या फोममध्ये नायट्रोजन असतो, त्यामुळे त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइडही येतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. हा धूर जातो कुठे?

तो जिन्यातून वर जातो, कारण जिना म्हणजे बांधकामाच्या भाषेत एक उभी पोकळी, म्हणजेच धुराडे. तो किती जोराने जातो, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावर काढता येते. 30 अंश सेल्सिअसच्या हवेचे एका घनमीटरचे वजन साधारण 1.16 किलो. हीच हवा 100 अंशांवर गेली की प्रसरण पावते आणि वजन 0.95 किलोवर येते. फरक 0.21 किलोचा. त्याला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे 9.8 ने गुणले की दर मीटर उंचीला सुमारे 2 पास्कल दाबाचा फरक मिळतो. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत 12 मीटर धरले, तर जवळजवळ 25 पास्कल.

वातावरणाचा दाब एक लाख पास्कल असताना 25 म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण फ्लॅटचा दरवाजा साधारण 2 चौरस मीटरचा असतो. त्यावर 50 न्यूटन बल पडते, म्हणजे पाच किलोचे वजन दार सतत आत ढकलत राहते. दाराखालच्या फटीतून हा धूर किती वेगाने आत येईल? दाबाच्या दुपटीला घनतेने भागून वर्गमूळ घ्या: सेकंदाला सात मीटरच्या वर, तासाला सुमारे 26 किलोमीटर.

हे पूर्ण 25 पास्कल सर्वांत वरच्या दाराच्याच वाट्याला येतील की नाही, हे एका गोष्टीवर ठरते. जिन्यात एक उंची अशी असते, जिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा असतो. तिला तटस्थ पातळी म्हणू. तिच्याखाली बाहेरची हवा जिन्यात ओढली जाते, तिच्यावर जिन्यातला धूर बाहेर रेटला जातो. ज्या टोकाला मोठे तोंड उघडे, त्या टोकाकडे ही पातळी सरकते. गच्चीचे दार सताड उघडे असेल आणि खालचे तोंड लहान असेल, तर पातळी वर जाते आणि मधल्या मजल्यांवर धूर घरात शिरण्याऐवजी घरातली हवाच जिन्याकडे ओढली जाते. आपल्याकडे नेमके उलटे आहे. खाली पार्किंग, चारही बाजूंनी मोकळे. वर गच्चीच्या दाराला कुलूप, कारण तिथे कोणाची तरी आमसुले, मिरच्या वाळत असतात. मधल्या मजल्यांवर बांधणाऱ्याने जिन्याला सिमेंटच्या जाळ्या ठेवल्या होत्या, पण पावसाची झड येते म्हणून आपण त्यांना पारदर्शक पत्रे ठोकले. त्यामुळे तटस्थ पातळी थेट तळाशी जाऊन बसते आणि जवळजवळ सगळा जिना घरांच्या दिशेने धूर रेटू लागतो. सामान तळमजल्यावरचे, धूर चौथ्या मजल्यावरच्यांच्या छातीत.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी हेच घडले. आग तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, ट्रान्सफॉर्मरपाशी. धूर जिन्याच्या पोकळीतून वर बाल्कनीत गेला. तिथे जादा खुर्च्या बसवून एक वाट बंद केलेली होती. 59 जण गुदमरून मेले.

गुदमरणे म्हणजे नुसता खोकला नव्हे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हवेत त्याचे प्रमाण एक टक्का झाले, तर काही मिनिटांत खेळ संपतो, आणि त्याला वास नसतो.

इथे वास्तुशास्त्राचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला हवे म्हणून भिंत पाडायला तयार असणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याच दारासमोर चपलांचे लाकडी कपाट आणि त्यावर जुन्या पेपरांची थप्पी. आग दिशा बघत नाही. तिला इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता लागते, एवढेच.

गच्चीचे दार आतून किल्लीशिवाय उघडणारे असावे, जाळ्यांवरचे पत्रे पाऊस सरला की काढावेत. पण वरून धूर जातो तशी खालून ताजी हवा येते आणि आग भडकते, त्यामुळे तळाशी जळण नसणे याला पर्याय नाही. दुसरे, मुख्य लाकडी दार. उकाड्यात आपण ते उघडे टाकून नुसते जाळीचे दार लावतो. बंद लाकडी दार धूर काही मिनिटे तरी अडवते, जाळी क्षणभरही नाही. जिना धुराने भरला असेल तर त्यात धावत सुटू नये. दार लावून फटीला ओला टॉवेल लावावा, बाल्कनीत जावे आणि 101 किंवा 112 ला फोन करावा.

मग अग्निशमन दलाचे जवान त्याच जिन्याने वर येतात, पाठीवर हवेची टाकी आणि हातात पाण्याने भरलेला पाइप घेऊन. समजा जिना जेमतेम एक मीटर रुंद आहे. चपलांचे कपाट त्यातले तीस सेंटीमीटर खाते, उभी केलेली सायकल आणखी तेवढेच. उरलेल्या चाळीस सेंटीमीटरमधून टाकीवाला माणूस सरळ चालत जाऊ शकत नाही, त्याला अंग तिरके करून सरकावे लागते, आणि वरून एखाद्या म्हातारीला धरून कोणी खाली येत असेल तर दोघांपैकी एकाला मागे फिरावे लागते.