उन्हात वाळवायला ठेवलेली संत उर्सुला

११ मे १६१०. लान्फ्रांको मास्सा हा कारभारी नेपल्सहून आपल्या मालकाला, जेनोवाच्या मार्कान्तोनिओ दोरियाला, पत्र लिहितो. विषय: काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने दोरियासाठी काढलेलं चित्र. चित्र पक्कं वाळावं म्हणून मी ते काल उन्हात ठेवलं, तर वाळायचं सोडून व्हार्निशच मऊ पडलं. काराव्हाज्जोने ते फार जाड लावलंय. आता काय करावं, ते त्यालाच जाऊन विचारतो.

चित्र होतं संत उर्सुलेच्या हौतात्म्याचं. लग्नाला नकार दिला म्हणून हूण राजा हातभर अंतरावरून तिच्यावर बाण सोडतो. चित्र १८ जूनला जेनोवाला पोचलं आणि बरोबर महिन्याने काराव्हाज्जो वारला. हे त्याचं बहुधा शेवटचं चित्र.

मला मास्साची बाजू घ्यावीशी वाटते. तैलरंगाला ऊन खरंच मदत करतं. त्यातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, आणि उजेड व ऊब मिळाली की हे काम लवकर होतं. जवसाच्या तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी जमलेला चिवट थर नखाने खरवडून पाहा. तो तापवला तरी त्याचं परत तेल होत नाही.

व्हार्निशाचा जीव मात्र राळेत. राळेचे रेणू गुंफलेले नसतात, नुसते दाटीवाटीने बसलेले असतात. ऊब लागली की ते सैल होतात. पार्सलवर मोहोर उठवायची लाख अशीच: तापली की मऊ, निवली की टणक, पुन्हा पुन्हा. त्यातून थर जाड असला, तर वर साय धरते आणि आत ओलं राहतं.

राळेच्या ज्या स्वभावाने मास्साची झोप उडवली असेल, तोच पुढे जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या उपयोगी पडतो. पिवळं पडलेलं राळेचं व्हार्निश योग्य द्रावकाने निघून येतं आणि खालचा गुंफलेला तैलरंग जागचा हलत नाही. अर्थात हे काम कापसाच्या बोळ्याने, बोटभर जागा घेत, फार जपून करावं लागतं.

या चित्राची अशी सफाई रोममध्ये २००३-०४ साली झाली. नंतरच्या कुणीतरी चढवलेल्या रंगाखालून राजा आणि उर्सुला यांच्या मधोमध एक हात वर आला. बोटं पसरलेला, बाण अडवायला पुढे झालेला. बाण तोवर तिच्या छातीत रुतलेला आहे, आणि ती मान खाली घालून जखमेकडे बघते आहे.